उरलेल्या बोल्टाची मीमांसा

खोललेली मोटार पुन्हा जोडली की एक बोल्ट उरतो. या विधानाला पुराव्याची गरज नाही. मिस्त्री, गाडीमालक आणि गाडीमालकाच्या घरचे या तिन्ही संप्रदायांत त्याविषयी एकमत आहे. मतभेद सुरू होतात ते त्यापुढे. तो का उरतो, तो मुळात कोणाचा, आणि उरल्यावर त्याच्याशी कसे वागावे, यावर मराठीत अद्याप स्वतंत्र ग्रंथ झालेला नाही. मिसळीच्या तर्रीवर आपल्याकडे रकानेच्या रकाने छापून आले, पण बोल्टाकडे कोणी वळले नाही. ती उणीव अंशतः भरून निघावी म्हणून हा प्रपंच. अभ्यासाला आधार आहे तो लोणी काळभोर येथील एका पडवीत उभ्या असलेल्या दोन आसनी, बिनछताच्या, बिनदाराच्या मोटारीचा. तिला यापुढे ‘प्रस्तुत मोटार’ असे म्हटले जाईल. घरात तिला काय म्हणतात ते छापण्याजोगे नाही.

प्रथेप्रमाणे आधी क्षेत्रवर्णन. लोणी काळभोर हे हवेली तालुक्यातले, पुणे-सोलापूर रस्त्यावरचे गाव. थेऊरचा चिंतामणी जवळच. आषाढी वारीत तुकोबांची पालखी पुणे सोडल्यावर पहिला मुक्काम करते तो इथे. राज कपूर यांची राजबाग इथलीच. आणि ज्या ‘बॉबी’मुळे १९७३ नंतर राजदूतची एक बुटकी मोटरसायकल देशभर त्याच नावाने ओळखली जाऊ लागली, त्या चित्रपटाच्या दिग्दर्शकाची शेती लोणीत होती, एवढ्यावरून इथल्या वाहनपरंपरेचे थोरपण सिद्ध होते असे मी धरून चालतो. शिवाय तेल कंपन्यांचे डेपो इथे आहेत, टँकरच्या रांगा गावाला नव्या नाहीत. एवढे पेट्रोल ज्या गावात साठवले जाते तिथे प्रस्तुत मोटार कित्येक दिवाळ्या एक थेंबही न पिता उभी आहे. संयमाचे याहून मोठे उदाहरण निदान हवेली तालुक्यात माझ्या पाहण्यात नाही.

आता कुलवृत्तांत. प्रस्तुत मोटार ‘क्लासिक’ नव्हे, ‘क्लासिक-शैलीची’ आहे, आणि पुढच्या साऱ्या घोटाळ्याचे बीज त्या शेपटीत आहे. मूळ पुरुष लोटस सेव्हन. इंग्लंडात कॉलिन चॅपमन यांनी १९५७ मध्ये ती बाजारात आणली. चॅपमन यांचा सारा भर वजन काढण्यावर. दारे काढली, छत काढले, डिकी काढली; चालवणारा तेवढा नाइलाजाने ठेवला. राहिलेला ऐवज भरला जेमतेम अर्ध्या टनाच्या आसपास. त्या काळी तिकडे तयार मोटारीवर खरेदीकर होता, सुट्या भागांच्या पेटीवर नव्हता. म्हणून लोक पेटी घरी नेत आणि गॅरेजात गाडी जोडत. लोटसच्या इतिहासात अशी एक कथा सांगतात की, करमाफीसाठी पेटीत गाडी जोडण्याच्या सूचना घालायला मनाई होती. गाडी खोलण्याच्या सूचना घालायला मात्र नियमात कुठेच मनाई नव्हती. कंपनीने त्या घातल्या, आणि गिऱ्हाइकाने त्या शेवटाकडून सुरुवातीकडे वाचायच्या. १९७३ मध्ये तिकडे मूल्यवर्धित कर आला आणि ही पळवाट बंद झाली. त्याच साली सेव्हनचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले आणि ती गाडी आजही बनते.

ही कथा आमच्या शास्त्राची गंगोत्री आहे. खोलण्याचे ज्ञान पूर्ण, जोडण्याचे ज्ञान उलट्या वाचनावर सोपवलेले. आपल्याकडे तर खोलणे हा संस्कारच आहे. घरातले पहिले घड्याळ, पहिला ट्रान्झिस्टर, पहिली इस्त्री ज्या मुलाने खोलली तो पुढे इंजिनिअर होतो असे मानले जाते. ती वस्तू त्याने परत जोडली का, हे विचारण्याची रीत नाही.

या कुळाच्या शाखा आपल्याकडेही फुटल्या. अलिबागजवळ चिंकारा मोटर्सने सेव्हनच्या वळणाची रोडस्टर बनवली: फायबरची बॉडी आणि आत अँबॅसिडरमधले इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन. गोव्यात नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सॅन स्टॉर्म निघाली. तिचे अंग फायबरचे, हृदय रेनोचे, १,१४९ घनसेंटिमीटरचे. प्रस्तुत मोटार यांपैकी कोणाचीच नव्हे. तिच्यावर बिल्ला नाही. कोणा हौशी माणसाने एका अँबॅसिडर १८०० आयएसझेडचे इंजिन आणि मागचा आस घेऊन, चौकोनी पाइपांची चासी वेल्ड करून, वर फायबरचा साज चढवून ती घरी बांधली. पुढे ती हातोहात फिरत लोणीत आली. गाडीमालकांनी ती ‘आहे तशी’ घेतली. आहे तशी ती फक्त त्या संध्याकाळपर्यंत राहिली.

कारण त्या रात्री त्यांच्या मनात दोन संकल्प एकदम उभे राहिले. एक, गाडी मूळ रूपात आणायची. दोन, गाडी मूळ रूपापेक्षा चांगली करायची. या दोन्हींत विरोध आहे हे त्यांच्या लक्षात आणून देण्याचा प्रयत्न मी केला. ते म्हणाले, “अहो, दोन्ही एकदमच उरकून घेऊ, पुन्हा पुन्हा कोण खोलणार!”

पुण्याला हा वाद नवा नाही. आधी राजकीय की आधी सामाजिक, यावर एकोणिसाव्या शतकात हे शहर दोन तट पडून भांडले. प्रस्तुत पडवीत तो वाद ‘आधी इंजिन की आधी रंग’ या रूपात अवतरला. मिस्त्रींचे मत, आधी इंजिन बांधावे, कारण इंजिन चढवताना-उतरवताना रंगाला चरे पडतात. पेंटरचे मत, आधी लांबी भरून रंग मारावा, कारण मिस्त्री इंजिन कधीच पुरे करत नाही. दोघांचीही प्रमेये अनुभवाने सिद्ध झालेली असल्यामुळे निर्णय लागेना. तेव्हा इंजिन अर्धे बांधले गेले आणि रंग अर्धा लागला. आज मोटारीची डावी बाजू गडद हिरवी आहे. उजवी बाजू कोणत्या रंगाची, हे सांगायला लांबीचा रंग आधी ठरवावा लागेल.

मूळ रूप म्हणजे काय, हा प्रश्न वाटतो त्याहून अवघड आहे. प्रस्तुत मोटारीचे मागचे दिवे ट्रॅक्टरचे होते. सुधारणावादी पक्षाने ते काढून एलईडी बसवायचे ठरवले. तेव्हा जीर्णोद्धारवादी पक्षाने हरकत घेतली: ट्रॅक्टरचे दिवे गाडीवर पहिल्या दिवसापासून आहेत, सबब तेच अस्सल. (दोन्ही पक्ष गाडीमालकच आहेत. एक सकाळी बोलतो, दुसरा जेवणानंतर.) लोणीसारख्या गावात ट्रॅक्टरचा दिवा मिळवणे कठीण नाही, त्यामुळे अस्सलपणाचा हा लढा तरी स्वस्तात पडला.

आणि कोणी या दिव्यांना हसू नये. चॅपमन स्वतः काय करत होते? सुरुवातीच्या सेव्हनमध्ये इंजिन फोर्डचे, ११७२ घनसेंटिमीटरचे. दुसऱ्या मालिकेतल्या सेव्हनचा मागचा आस स्टँडर्ड टेनचा. पुढच्या चाकांचे उभे खांब ट्रायम्फ हेराल्डच्या घराण्यातले. स्टँडर्ड टेन आणि हेराल्ड या दोन्ही गाड्या आपल्याकडे मद्रासला बनत होत्या, एकेकाळी पुण्याच्या पेठांतून फिरत होत्या. म्हणजे बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात चिकाटीने हिंडणाऱ्याच्या हाती एखाद्या भंगार हेराल्डचा खांब लागला, तर त्याची नक्कल अस्सल लोटसच्या अधिक जवळ जाते. मूळ गाडी इतरांच्या गाड्यांचे भाग घेऊन बनली. नक्कल करणाऱ्यानेही इतरांच्या गाड्यांचे भाग घेतले. तेव्हा ट्रॅक्टरचा दिवा लावणारा चॅपमन यांची संहिता सोडून त्यांचा धर्म पाळत होता, असे माझे मत आहे.

आता बोल्ट. अँबॅसिडर ही मॉरिस ऑक्सफर्डची वंशज, तिचा मागचा आस इंग्रजी वळणाचा, तिथले आटे इंची. इंजिन जपानी, तिथले आटे मेट्रिक. एकाच गाडीत दोन भाषा नांदतात आणि दोन्ही बोलणारा दुभाषा कोणी नाही. आट्यांचा इतिहास स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे; इथे एवढेच की, जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये आट्याचा कोन ५५ अंश असावा असे सांगितले, अमेरिकेने ६० अंश धरले, आणि या पाच अंशांच्या मतभेदापायी दुसऱ्या महायुद्धात दोस्तांचे बोल्ट दोस्तांच्या नटांत जाईनात. अखेर १९४८ मध्ये अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनने सामाईक आट्यांवर सह्या केल्या. जग यातून सावरले. पडवी सावरली नाही.

उरलेला बोल्ट ५/१६ इंची, बारीक आट्यांचा, इंचाला २४ आटे. त्याचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजला तर ७.९४ भरतो. आठ मिलिमीटरच्या मेट्रिक बोल्टाशी फरक ०.०६ मिलिमीटरचा, डोळ्याला तो दिसत नाही, बोटाला जाणवत नाही. मेट्रिक भोकात हा बोल्ट आनंदाने जातो, दोन आटे फिरतो आणि अडतो. इथे मिस्त्री पान्याला पाइप लावून जोर करतात. बोल्ट आणखी एक आटा आत जातो आणि दोन्हीकडचे आटे कायमचे खातो. डोक्याचीही तीच कथा: ते अर्ध्या इंचाचे, म्हणजे १२.७ मिलिमीटरचे, १३ चा पाना त्यावर बसतो, बसल्यासारखा वाटतो, आणि जोर लावला की कोपरे सोलून मोकळा होतो.

न्याय-वैशेषिकांनी अभावाचे चार प्रकार सांगितले, आणि ते सांगताना त्यांच्यासमोर खोललेली मोटार नव्हती यावर विश्वास बसत नाही. पहिला प्रागभाव, म्हणजे वस्तू निर्माण होण्यापूर्वीचा अभाव. याला सुरुवात नसते, पण शेवट असतो. लेथवाल्याकडे टाकलेले बुश या अवस्थेत असतात. “उद्या या” हे त्याचे लक्षणवाक्य. तो शेवट तत्त्वतः असतो एवढेच शास्त्राचे म्हणणे आहे. दुसरा प्रध्वंसाभाव, म्हणजे वस्तू नष्ट झाल्यानंतरचा. याला सुरुवात असते, शेवट नसतो. सिलिंडर हेडचा एक स्टड ब्लॉकच्या तोंडाशी मोडला त्या क्षणी हा अभाव सुरू झाला. वर नट वेल्ड करून पाहिला, ड्रिल मारून पाहिले. सुरुवात सर्वांना आठवते, शेवटाबद्दल नैयायिक बरोबर होते. तिसरा अत्यंताभाव, जो तिन्ही काळी असतो. प्रस्तुत मोटारीचे दार हे त्याचे निर्दोष उदाहरण. दार कधी नव्हते, नाही, आणि चॅपमन यांचा मान राखायचा तर पुढेही नसेल. असे असूनही सुधारणावादी पक्षाने गाडीला रिमोटवर चालणारे सेंट्रल लॉक आणि चोरघंटा बसवली आहे. ज्या गाडीत चोर नुसता पाय टाकून बसू शकतो तिचे कुलूप रिमोटने लागते आणि ‘टुक’ असा आवाजही येतो. कशाला लागते, हे वायरमनलाही सांगता आले नाही.

चौथा अन्योन्याभाव: हे ते नव्हे. घट म्हणजे पट नव्हे. इंची म्हणजे मेट्रिक नव्हे. ही ओळ प्रत्येक गॅरेजच्या भिंतीवर लिहायला हवी.

परंतु आपला प्रश्न याहून खोल आहे. जिथे बोल्ट नाही असे भोक, हा नेहमीचा अभाव. भाट्ट मीमांसक म्हणतात तो अनुपलब्धीने कळतो, नैयायिक म्हणतात तो डोळ्यांनीच दिसतो. इथे उलट आहे. बोल्ट समोर ताटलीत आहे; भोक मिळत नाही. भोक हा बोल्टाचा अभाव. ते भोक नाही, म्हणजे अभावाचा अभाव. आणि प्राचीन नैयायिकांच्या मते अभावाचा अभाव म्हणजे भावच. सबब बोल्ट आपल्या जागी बसलेला आहे. नेमक्या याच निष्कर्षाला मिस्त्री कोणताही ग्रंथ न वाचता आले होते. घामेजल्या हाताने ते म्हणाले, “समदं टाइट हाय शेठ. ह्यो जास्तीचाच दिला आसंल कंपनीनं.” नव्य न्यायातले रघुनाथ शिरोमणी हे मत मानत नाहीत, त्यांच्या लेखी अभावाचा अभाव ही वेगळीच गोष्ट. गाडीमालकांचा कल रघुनाथ शिरोमणींकडे आहे, कारण गाडीत त्यांना बसायचे आहे.

वायरमनांचा पंथ वेगळा. त्यांच्या मते बोल्ट अर्थचा. यात तथ्य आहे. पत्र्याच्या गाडीत दिव्याकडे बॅटरीतून एक तार जाते आणि वीज बॉडीतून परत येते. फायबर विजेला वाट देत नाही. तिथे प्रत्येक दिव्याला परतीची तार वेगळी ओढावी लागते आणि चासीला घट्ट बोल्टने बांधावी लागते. ती ढिली राहिली की वीज परतीसाठी दुसऱ्याच दिव्याच्या घरातून वाट काढते. प्रस्तुत मोटारीत उजवा इंडिकेटर लावला असता मागचे दिवे मिणमिणतात आणि ब्रेक दाबला असता हेडलाइट विचारात पडल्याप्रमाणे मंदावतात. वायरमनांनी हा पुरावा मोठ्या उत्साहाने मांडला. मात्र बोल्ट लावून पाहावा असे भोक त्यांनाही चासीवर दाखवता आले नाही.

कायद्याचे मत थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. २०२१ मध्ये विंटेज गाड्यांसाठी वेगळी नियमावली आली, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरेही मिळतात. पण त्यासाठी गाडी पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी हवी, आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. प्रस्तुत मोटार चेहऱ्याने १९५७ ची, इंजिनाने नव्वदच्या दशकातली, दिव्यांनी कालची. शैलीला वय लावण्याची सोय नियमावलीत नाही. “पालखीच्या आधी पासिंग करून आणतो,” असे गाडीमालक दर वर्षी सांगतात. कोणत्या सालच्या पालखीच्या आधी, हे त्यांनी कधी स्पष्ट केलेले नाही. मुक्कामाच्या दिवशी पडवीत टेकलेल्या एका वारकरी आजोबांनी गाडीभोवती चक्कर मारली आणि विचारले, “बाळा, ही सुरू झालीय का संपलीय?” या प्रश्नाचे उत्तर माझ्या टिपणांत नाही.

सर्व पक्ष ऐकल्यानंतर सिद्धान्त असा. बोल्ट जुन्या गाडीचा आहे, भोके नव्या गाडीची आहेत. ज्या क्षणी जीर्णोद्धार आणि सुधारणा एकाच पडवीत एकाच वेळी सुरू होतात, त्या क्षणी टेबलावर दोन गाड्यांचे सामान पडते: एक होती ती, एक व्हायची ती. जुना कंस काढून नवा वेल्ड केला, रेडिएटर दोन बोटे पुढे सरकवला, बॅटरी मागे नेली. या प्रत्येक सुधारणेत एक भोक मिटले, आणि त्याचा बोल्ट मात्र जीर्णोद्धारवाद्याने रॉकेलने धुऊन, पुसून, जपून ठेवला. भोक वेल्डिंगच्या टाक्याखाली गेले हे त्याला माहीत नाही, कारण वेल्डिंग सकाळच्या पक्षाने करून घेतले होते. जो नुसता जीर्णोद्धार करतो त्याचा बोल्ट उरत नाही. जो नुसती सुधारणा करतो त्याच्याकडे मूठभर उरतात आणि तो ते भंगारात घालतो. एकच बोल्ट उरणे, आणि त्यामुळे झोप उडणे, हे फक्त दोन्ही एकदम उरकू पाहणाऱ्याच्या वाट्याला येते.

गाडीमालकांना हा सिद्धान्त मान्य नाही. भोक आहे, आणि ते सापडेपर्यंत गाडी सुरू करायची नाही, यावर ते ठाम आहेत. घरच्यांनी बोल्ट देव्हाऱ्यात ठेवावा असे सुचवले, ते त्यांनी फेटाळले. तेव्हा त्यांच्या आग्रहावरून ही विनंती. बोल्टाचे वर्णन: ५/१६ इंची, बारीक आट्यांचा, लांबी एक इंच, सोबत स्प्रिंग वॉशर, डोक्यावर १३ च्या पान्याने केलेल्या जखमा. ज्या वाचकांकडे अँबॅसिडर १८०० आयएसझेड अजून चालू स्थितीत असेल त्यांनी कृपया एकदा गाडीखाली आडवे होऊन असा बोल्ट कुठे लावला आहे ते पाहावे आणि कळवावे. मात्र नुसते पाहावे. खोलू नये.